साधी काठी

'क्यू' म्हटलं की माझ्या पिढीला आठवते ती रेशनच्या दुकानापुढची रांग. रॉकेलचा डबा, हातात कार्ड आणि पुढे वीस माणसं. पण हा शब्द मूळचा फ्रेंच, आणि त्याचा अर्थ शेपूट. रांग शेपटीसारखी लांबते म्हणून ती क्यू. बिलियर्डच्या टेबलावर चेंडू मारायची काठी असते तीही क्यूच, आणि तिच्या नावामागेही शेपूटच आहे. ती गोष्ट सांगतोच. पण त्याआधी, सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त मास्तराला हा विषय आज कुठून सुचला ते सांगायला हवं, नाहीतर आमचे नातेवाईक फोन करून प्रकृतीची चौकशी करतील.

तर झालं असं. माझ्या पुतण्याचा मुलगा मुरबाडच्या एमआयडीसीत नोकरीला लागला. सुट्टीच्या दिवशी कल्याणला जाऊन तो पूल खेळतो. नुसता वेळ घालवायला नव्हे, चांगला खेळतो म्हणे. आठ महिने पगारातून पैसे बाजूला टाकून आता त्याला स्वतःच्या मापाची क्यू बनवून घ्यायची आहे. कारागिराने त्याला दोन नमुने दाखवले. एकीच्या मुठीवर टोकदार नक्षी, शिंपल्यासारखे चमकणारे तुकडे, रंगीत पट्ट्या. दुसरी अगदी साधी, लाकूड आणि वर पॉलिश, बस्स. साधी हातात घेतली की बरी वाटते, पण मन नक्षीवर जातं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या वडिलांचं म्हणणं वेगळंच. त्यांच्या मते पूल म्हणजे सिगारेट, पैजा आणि वाया गेलेली पोरं, तेव्हा काठी साधी की नक्षीची हा प्रश्नच उद्भवत नाही. दोघांनीही मला विचारलं. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, तेव्हा इतिहासातूनच उत्तर शोधणं आलं.

आता ती शेपटीची गोष्ट. हा खेळ युरोपात आधी मोकळ्या हिरवळीवर खेळला जाई आणि मग तो घरात, टेबलावर आला, असं मानतात. टेबलावरचं कापड हिरवं असतं ते त्या गवताची आठवण म्हणून. सुरुवातीला खेळाडू चेंडू टोचत नसत, ढकलत. त्यासाठी 'मेस' नावाचं हत्यार असे. एक बारीक दांडा आणि पुढे जड, रुंद डोकं. आपल्याकडे पत्र्यावरचं भात ओढायला फावडी असते तसलंच काहीसं डोळ्यांपुढे आणा. पण चेंडू टेबलाच्या कडेला चिकटून थांबला की ते रुंद डोकं तिथे बसेना. मग खेळाडू मेस उलटी धरून तिच्या बारीक शेपटीने चेंडू मारू लागले. हळूहळू लक्षात आलं की शेपटीनेच नेम चांगला लागतो. डोकं गेलं, शेपूट राहिली. म्हणजे क्यूचा जन्मच मुळी जड भाग टाकून देण्यातून झाला. मुलाला मी पहिली सांगितली ती ही गोष्ट.

पुढे 19व्या शतकाच्या सुरुवातीला मिंगो नावाच्या फ्रेंच कॅप्टनने काठीच्या टोकाला चामड्याची चकती बसवली, असं इतिहास सांगतो. नुसतं लाकूड गुळगुळीत चेंडूवरून घसरतं. चामडं घसरत नाही. त्यामुळे चेंडूच्या मध्यापासून थोडं बाजूला मारून त्याला गिरकी देता येऊ लागली, आणि ढकलाढकलीच्या खेळाची विद्या झाली. चामड्याला लावायला खडू आला. त्यातली गंमत एखाद्या मास्तरालाच कळेल. आज टेबलाशेजारी निळा चौकोनी ठोकळा असतो, त्याला खडू म्हणत असले तरी तो फळ्यावरचा खडू नव्हे. 1897 साली अमेरिकेत स्पिंक्स आणि हॉस्किन्स यांनी त्याचं पेटंट घेतलं. त्यात वाळूच्या जातीची आणि घासणारी द्रव्यं असतात. माझा खडू लिहिण्यासाठी झिजायचा, हा चामडं खरखरीत ठेवण्यासाठी झिजतो.

आपल्या देशाचा या खेळाशी संबंध मोठा आहे, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. स्नूकर हा खेळ जन्मला जबलपूरला, 1875 साली. इंग्रजी पलटणीच्या मेसमध्ये (ही जेवणाची मेस बरं का!) पावसाळ्यात करायला काही नव्हतं. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने एका जुन्या खेळातल्या लाल चेंडूंत आणखी रंगीत चेंडू मिसळले. हिटलरशी वाटाघाटी करणारा चेंबरलेन तो हा नव्हे, हा नावबंधू. 'स्नूकर' म्हणजे लष्करी शाळेत नुकता दाखल झालेला कच्चा विद्यार्थी. खेळताना कुणाचा तरी नेम चुकला, त्याला चेंबरलेनने हा शब्द वापरून चिडवलं आणि तेच खेळाचं नाव पडलं. नियम पक्के झाले ते उटकमंडच्या क्लबात, 1882 साली. 1938 मध्ये, म्हातारपणी, चेंबरलेनने पत्र लिहून हा वृत्तांत स्वतः सांगितला.

त्याच 1875 साली मुंबईत बॉम्बे जिमखाना सुरू झाला. तो युरोपियनांसाठी होता. म्हणजे खेळ आमच्या भूमीवर जन्मला, पण अशा क्लबांत आमचा माणूस असायचा तो चेंडू पुसणारा, गुण मोजणारा, चहा आणणारा. आपल्या मध्यमवर्गीय घरांत या खेळाबद्दल अढी बसली त्याचं एक मूळ इथे असावं असं मला वाटतं. आधी तो साहेबाचा खेळ होता. पुढे गावोगाव पार्लरं निघाली तेव्हा तो रिकामटेकड्यांचा खेळ ठरला. मधल्या काळात तो कष्टाचा, अभ्यासाचा खेळ होता, ते आपण पाहिलंच नाही.

ते दाखवायला मी पुतण्याला एक नाव सांगितलं. विल्सन जोन्स. जन्म पुण्याचा, 1922 सालचा. आपण शाळेत मुलांकडून खेळाडूंची नावं पाठ करून घेतो, ध्यानचंद, मिल्खासिंग, खाशाबा जाधव. खाशाबांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझपदक आणलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर सहा वर्षांनी, 1958 मध्ये, कोलकात्याला विल्सन जोन्स बिलियर्डचे हौशी गटातले जागतिक विजेते झाले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेता झालेला हा पहिला भारतीय. 1964 मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्यांनी तेच पद पुन्हा मिळवलं. राष्ट्रीय बिलियर्ड स्पर्धा त्यांनी बारा वेळा जिंकली. 1963 मध्ये अर्जुन पुरस्कार, 1965 मध्ये पद्मश्री, आणि उतारवयात इतरांना शिकवल्याबद्दल 1996 मध्ये द्रोणाचार्य. 2003 मध्ये ते मुंबईत वारले. बघा, देशाचा पहिला जगज्जेता पुण्यात जन्मतो, मुंबईत वारतो, आणि महाराष्ट्रातल्या दहा माणसांना विचारलं तर नऊ जणांना नाव ठाऊक नसतं.

त्यांच्यानंतर मुंबईचेच मायकल फरेरा. 1977, 1981 आणि 1983, असे तीनदा हौशी बिलियर्डचे जगज्जेते. 1978 च्या डिसेंबरात मुंबईत त्यांनी एका दमात 1149 गुण केले. हौशी खेळात हजाराचा टप्पा त्याआधी कुणी ओलांडला नव्हता. एका दमात म्हणजे एकही चूक न करता, समोरच्याला खुर्चीतून उठूही न देता. 1981 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, ती त्यांनी नाकारली. क्रिकेटपटूला पद्मभूषण आणि जगज्जेत्या बिलियर्डपटूला पद्मश्री, हा न्याय कसा, असा त्यांचा सवाल होता. 1983 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. अलीकडचं नाव मुंबईच्याच आदित्य मेहताचं. 2013 साली त्याने जागतिक क्रीडास्पर्धेत स्नूकरचं सुवर्णपदक मिळवलं आणि त्याच वर्षी दिल्लीत व्यावसायिकांच्या इंडियन ओपनच्या अंतिम फेरीपर्यंत धडक मारली.

पुतण्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "काका, ते क्लबातले लोक. आपलं तसं नाही." या वाक्याला माझ्याकडे झटकन देण्यासारखं उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. त्याचं म्हणणं सर्वस्वी चूक नाही. टेबल महाग, जागा महाग, शिकवणारे शहरात. पण म्हणून मुलाने स्वतःच्या कमाईतून एक चांगलं अवजार घेऊ नये, हे काही त्यातून सिद्ध होत नाही.

आता काठीकडे वळू. बिलियर्डला तीन चेंडू, स्नूकरला पंधरा लाल, सहा रंगीत आणि एक पांढरा, तर पूलला आकडे घातलेले पंधरा आणि एक पांढरा. पूलचं टेबल लहान, खिसे मोठे, चेंडू जड. म्हणून स्नूकरच्या काठीचं टोक साडेनऊ-दहा मिलिमीटरचं असतं, तर पूलच्या काठीचं बारा-तेराचं. पूलच्या काठीची लांबी साधारण 58 इंच आणि वजन 18 ते 21 औंस, म्हणजे अर्धा किलोपासून सहाशे ग्रॅमपर्यंत. काठी दोन तुकड्यांत असते, मधे आट्यांचा जोड. पुढचा बारीक भाग बहुधा मेपल लाकडाचा. स्नूकरला अॅश नावाचं लाकूड अधिक चालतं, त्यावर बाणाच्या टोकासारख्या रेघा दिसतात.

पूलच्या काठ्यांच्या जगात एक नाव आदराने घेतात, जॉर्ज बालाबुश्का. 1912 साली रशियात जन्मलेला हा मुलगा 1924 मध्ये आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आला. लाकूडकामात हात बसलेला. 1959 च्या सुमारास त्याने काठ्या बनवायला घेतल्या, आधी मित्रांसाठी. 1975 मध्ये तो वारला. एवढ्या सोळा वर्षांच्या कामावर त्याचं नाव असं झालं की लोक त्याच्या काठीची तुलना उत्तम व्हायोलिनशी करू लागले. आणि त्याच्या बऱ्याचशा काठ्या दिसायला साध्या! सुरुवातीला तर ब्रन्सविक कंपनीच्या, क्लबात सर्वांनी वापरायच्या काठ्यांचंच लाकूड घेऊन तो त्यावर काम करी. मुठीला आयरिश तागाचा दोरा गुंडाळलेला, क्वचित शिंपल्याचे दोनचार ठिपके. पॉल न्यूमनला ज्या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं तो 1986 चा 'द कलर ऑफ मनी' आठवतो का? त्यात बालाबुश्काची म्हणून जी काठी दाखवली आहे ती प्रत्यक्षात दुसऱ्याच कंपनीने बनवलेली, तशी दिसणारी काठी होती. म्हणजे पडद्यावर नाव एकाचं आणि लाकूड दुसऱ्याचं. नुसत्या दिसण्यावर जाऊ नये याला याहून चांगला दाखला मला तरी सापडला नाही.

पण नक्षीवरही अन्याय नको. मुठीवर जी लांब टोकदार नक्षी असते ती मुळात नक्षी नव्हतीच. पुढचं लाकूड हलकं, मुठीचं जड. ही दोन सरळ चिकटवली तर जोड टिकणार नाही. म्हणून दोन्हींना दातरे पाडून एकमेकांत घट्ट बसवत. आपले सुतार चौकटीला कुसू-साल करतात ना, त्याच कुळातली ही युक्ती. जोडाची ती टोकं बाहेरून सुरेख दिसत. पुढे लोकांना ती आवडू लागली, मग टोकांना रंगीत पापुद्रे लागले, मग टोकांची संख्या वाढली, आणि शेवटी स्वस्त काठ्यांवर तर टोकांचं नुसतं चित्र चिकटवू लागले. जे बळकटीसाठी होतं ते शोभेसाठी उरलं. इतिहासात हे वारंवार घडतं. किल्ल्याचा बुरूज बंगल्याच्या फाटकावर येऊन बसतो तसंच.

चांगल्या कारागिराची नक्षीची काठी उत्तमच खेळते, यात शंका नाही. मुद्दा एवढाच, की तिथे पैसा कशाला पडतो. टोकाचा चेंडूला स्पर्श होतो तो सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरता. तेवढ्यात जे काय व्हायचं ते चामडं, त्यामागची टोपी आणि पुढची काही इंच काठी यांच्यामुळे होतं. चेंडू मध्यापासून बाजूला मारला की काठीचं टोकही बाजूला ढकललं जातं आणि चेंडू उलट्या दिशेला किंचित सरकून निघतो. टोकाकडचं वजन जितकं कमी तितकं हे सरकणं कमी. म्हणून 1990 नंतर अमेरिकेत पुढचा भाग मुद्दाम हलका केलेल्या काठ्या निघाल्या, आणि अलीकडे तर कार्बनच्या तंतूंच्याही आल्या आहेत. मुठीवरच्या शिंपल्याचा यात काडीचा संबंध नाही. मुठीचं काम तोल सांभाळायचं.

हे सगळं परदेशातलं वाटेल, पण शहापूर-मुरबाडच्या माणसाला लाकडाची काठी निवडणं कुणी शिकवायला नको. आपल्या माहुलीच्या आणि माळशेजकडच्या रानात धामण नावाचं झाड आहे. धामणीचं लाकूड वाकतं, मोडत नाही आणि पुन्हा सरळ होतं. म्हणून कावडीला धामण, धनुष्याला धामण, कुऱ्हाडीच्या दांड्याला धामण. इथले ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बांधव दांडा निवडताना काय बघतात ते मी अनेकदा जवळून पाहिलं आहे. आधी गाठ नाही ना ते बघतात. मग रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जाते की मधेच बाहेर पडते ते. रेघ जिथे बाहेर पडते तिथे दांडा फुटणार हे ठरलेलं. मग एक डोळा मिटून लांबीवर नजर टाकतात. शेवटी हातात घेऊन एक घाव मारून बघतात. रंग कुणी बघत नाही. आणि ओल्या लाकडाचा दांडा कुणी घालत नाही, तो सावलीत मुरू देतात.

गंमत म्हणजे क्यूचा कारागीरही नेमकं हेच करतो. लाकूड लेथवर थोडं उतरवायचं, महिनोन् महिने टांगून ठेवायचं, वाकलं तर टाकून द्यायचं, नाही वाकलं तर पुन्हा थोडं उतरवायचं. असं अनेकदा. या धीराचे पैसे असतात, आणि ते काठीवर दिसत नाहीत. पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या यात्रेत बैल घ्यायला गेलेला जाणता शेतकरी रंगवलेली शिंगं आणि झूल बघत नाही, बैल चार पावलं चालवून त्याचे खूर बघतो. तशातलाच हा प्रकार.

एक शेवटचा दाखला. स्कॉटलंडचा स्टीफन हेंड्री. सात वेळा स्नूकरचा जगज्जेता, 1990 ते 1999 या काळात. हे सातही किताब त्याने ज्या काठीने जिंकले ती त्याला चौदाव्या वर्षापासूनची, किंमत 40 पौंड. 2003 मध्ये विमानप्रवासात सामानात ती मोडली. त्याच्याकडे तोवर कितीही महाग काठी घ्यायची ऐपत होती, पण त्याने ती घेतली नव्हती, कारण हात त्या काठीला सरावला होता. यावरून स्वस्त तेच चांगलं असं कुणी म्हणू नये. कळतं ते एवढंच की काठी आणि हात यांची सोयरीक जमायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं दुकानात मिळत नाहीत.

तर मुलाला मी जे लिहून दिलं ते थोडक्यात इथे देतो, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं. साधी काठी घे. पण साधी आहे म्हणून घेऊ नकोस, दहा डाव खेळून बघ आणि मग घे. डोळे मिटून दोन्ही काठ्या हातात धर, तोल कुठे येतो ते बघ. सपाट टेबलावर गडगडवून बघ, आणि डोळ्यासमोर लांबीवर धरूनही बघ. चेंडू मारताना जोडातून खुळखुळ ऐकू येता कामा नये. नक्षीचे जे पैसे वाचतील त्यातून पुढचा भाग उत्तम लाकडाचा मागून घे, चामड्याची टोपी चांगली बसवून घे, आणि उरलेले टेबलाच्या तासांवर खर्च कर.

हे पत्र त्याच्या वडिलांनीही वाचलं. खेळाबद्दलचं त्यांचं मत बदललं असेल असं मला वाटत नाही. पण दोन दिवसांनी त्यांनी मुलाला एक प्रश्न विचारला म्हणे, "लाकूड किती महिने मुरलंय ते विचारलंस का त्याला?" पोराने विचारलं नव्हतं. मग त्याने कारागिराला फोन लावला.

काठी यायला पावसाळा उजाडेल. आपल्याकडचा पावसाळा लाकडाला वाईट. शहापूरला चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथे मेपल काय करील! तेव्हा काठी भिंतीला तिरकी टेकवून ठेवायची नाही, पेटीत आडवी ठेवायची, ओल्या फडक्याने पुसायची नाही, आणि मे महिन्यात मोटारसायकलला बांधून उन्हात उभी करायची नाही. हेही मी त्याला लिहून पाठवलं आहे. असो.